मुरमाच्या तुकड्यावरचं यारो

भावानं मला तो तुकडा दिला तेव्हा त्याच्या मते तो वायाच गेलेला होता. "आक्का, तितं कुसळंबी धड येत न्हाईत. तुला काय लावायचं ते लाव," एवढं बोलून तो मोकळा झाला. मला मात्र तेवढ्यानं भरून आलं होतं. आज हे लिहिताना माझी मलाच चीड येते. भरून यायला काय झालं होतं? बापाच्या जमिनीत माझाही हिस्सा होताच की. पण आमच्याकडं लेकीला माहेरातलं काही मिळालं की ते हक्काचं आहे असं तिला वाटतच नाही, भावानं दिलं असंच वाटतं. मलाही तसंच वाटलं.

आमचं गाव पानशेतच्या धरणाच्या कडेला. खाली ओढ्याच्या अंगाला भाताची खाचरं आणि वर रस्त्याला लागून हा माळ. नुसता मुरूम. कुदळ मारली की हाताला झिणझिण्या यायच्या. आमच्या लहानपणी तिथं गुरं सोडायची आणि गोवऱ्या वाळत घालायच्या, एवढाच त्याचा उपयोग. खाचराच्या बांधावरून आमच्या गावात डोकी फुटलीत, बोलाचाली बंद झाल्यात. माळासाठी कधी कुणी साधं भांडलंही नाही.

मी तिथं कशी आले ते आधी सांगते. माझं सासर भोंगवलीकडचं. नवरा गेला तेव्हा मी पस्तिशीची होते, मूलबाळ नव्हतं. दिरांनी घराबाहेर काढलं नाही, पण घरात माणूस आहे असंही कधी वागवलं नाही. मग मी हायवेच्या कडेला एका नर्सरीत जायला लागले. पिशव्यांत माती भरायची, रोपं सुटी करायची, कलमं बांधायची. बारा वर्षं केलं ते. दहावीपर्यंत शिकलेली असल्यानं पाकिटांवरची इंग्रजी नावं वाचता यायची, म्हणून मालक बियांची खोली माझ्यावर सोडून जायचा. त्या खोलीत मला बरं वाटायचं. तिथं कुणी मला पांढऱ्या पायाची म्हणत नव्हतं.

मग एक दिवस भावाचा फोन आला. आई अंथरुणाला खिळली होती. "आक्का, तू ये. हिला एकटीला व्हत न्हाई," म्हणाला. हिला म्हणजे त्याच्या बायकोला, माझ्या भावजयीला. मी काम सोडलं आणि आले. तीन वर्षं आईचं सगळं केलं. हगणंमुतणं, भरवणं, पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून दर दोन तासांनी कूस बदलणं. उपकार म्हणून सांगत नाही, आई माझीही होती. पण केलं एवढं लिहून ठेवते, कारण दुसरं कुणी लिहिणार नाही.

घरात माझ्या पथारीला जागा नव्हती. म्हणून माळावर रस्त्यापासून थोडी आत, माझ्या बचतीतून, एक पत्र्याच्या छपराची खोली घातली. तेव्हाच भाऊ ते कुसळांचं वाक्य बोलला होता. पुढं ती खोली आणि तिच्यासमोरचा तो उघडा तुकडा, एवढंच माझं म्हणून या जगात होतं. दुसरं काही नव्हतं, हे आधीच सांगून ठेवते, नाहीतर पुढचं सगळं तुम्हाला बायकी कुरकुर वाटेल.

नर्सरीतून निघताना मालकानं हातात चार पाकिटं ठेवली होती. "यारोचं बी आहे. थंड मुलखातलं फूल. आपल्याकडं येत नाही म्हणून कुणी घेत नाही. टाकून देण्यापेक्षा तू ने." पाकिटावर चित्र होतं. बारीक कातरलेली पानं आणि त्यावर तळहाताएवढे सपाट गुच्छ, पिवळे, गुलाबी, विटकरी. आपल्याकडं येत नाही म्हणजे काय, मी मनात म्हटलं. मीसुद्धा कुठं कुणाच्यात येत होते?

पहिलं पाकीट मी स्वतःच्या हातानं पुरून टाकलं. यारोचं बी तंबाखूच्या बियांसारखं, फुंकर मारली तर उडेल इतकं बारीक. ते मातीवर नुसतं टेकवायचं असतं, वरून झाकायचं नसतं, त्याला उजेड लागतो. पाकिटावर तसं लिहिलेलंही होतं. पण शेतकऱ्याची लेक मी, बी उघड्यावर ठेवायला हात धजेना. पाखरं खातील, मुंग्या नेतील. म्हणून वर दोन बोटं माती ओढली आणि रोज वाकून बघत बसले. डोंबल उगवतंय! महिना गेला, एक पान वर आलं नाही.

दुसरं पाकीट उगवलं. माती न ओढता नुसतं विरळ कापड ओलं करून वर अंथरलं होतं, सकाळ-संध्याकाळ उचलून बघायचे. हिरवी पिसं वर आली तेव्हा मी वेड्यासारखी एकटीच हसले. आणि मग काय केलं? खत घातलं. गोठ्यातलं पाच वर्षांचं कुजलेलं काळंभोर शेणखत, टोपल्याच्या टोपल्या डोक्यावरून वाहून आणलं. आमच्याकडं जीव लावायचा म्हणजे खत घालायचं आणि पाणी पाजायचं, तिसरी रीत आम्हाला ठाऊक नाही. झाडं कंबरेएवढी झाली आणि फुलं यायच्या आधीच भुईवर लोळली. उभी केली, काठ्या लावल्या, परत लोळली. उरलीसुरली पावसात गेली. आमच्याकडचा पाऊस म्हणजे चार महिने सूर्य बघायला मिळत नाही. गड्डे कुजून चिखल झाले, हात लावला की सडक्या बटाट्यासारखे फुटायचे.

त्यातून एक घमेलं वाचलं. रोपं काढताना उरलेली दोन मी गंजक्या घमेल्यात नुसत्या मुरमात खोचून पत्र्याखाली सरकवली होती आणि विसरून गेले होते. खत नाही, पाणी नाही, लक्ष नाही. दिवाळीच्या सुमाराला झाडलोट करताना बघते तर घमेलं गच्च भरलेलं, आणि पानं ताठ. हात्तिच्या, म्हटलं, तुला हे हवं होतं होय? तुला कुणी लाड करूच नयेत, असं आहे तर.

मग मला त्याची रीत कळली. मुरूम खणून दगडांच्या कडांचे उंच वाफे केले, पाणी थांबायलाच नको असे, आणि त्यात उरलेली दोन पाकिटंही पेरली. खत बंद. पाणी आठवड्यातून एकदा. जूनच्या आधी प्रत्येक रंगाचे दोन-दोन गड्डे काढून जुन्या डब्यांत, पत्र्याखाली. पावसाळा संपला की ते गड्डे हातानं फोडायचे, एकाचे आठ व्हायचे, आणि पुन्हा वाफ्यात लावायचे. ज्या मुरमाला कुणी विचारत नव्हतं तोच याला मानवला. पहिल्या वर्षी दोन वाफे, दुसऱ्या वर्षी सात, मग अख्खा तुकडा.

गावाला हे सगळं हसू येण्यासारखंच होतं. फुलं येण्याआधी यारोची पानं लांबून गाजरगवतासारखी दिसतात. गाजरगवत आमच्याकडं रस्त्याच्या कडेला रान माजतं, अंगाला लागलं की खाज सुटते, लोक त्याला शिव्या घालतात. आणि मी ते दगडी वाफ्यात लावून त्याला झारीनं पाणी घालत होते! येणाराजाणारा थांबायचा. "काय आक्का, गाजरगवत जोरात हाय यंदा! आमच्या बांधाला लई हाय, टेम्पो भरून धाडू का?" मीही काही कमी नव्हते. म्हणायचे, "धाड की, आन वर तूबी बसून ये, तुलाबी एका वाफ्यात लावते."

एकदा मी आईचं औषध आणायला पानशेतला गेले होते. परत येऊन बघते तर एक अख्खा वाफा साफ. भावजय पदर खोचून उभी, कपाळावर घाम, चेहऱ्यावर पुण्य केल्यासारखा आनंद. "वन्सं, तुमचं गाजरगवत उपटून टाकलं बगा. आत्याबायस्नी खाज सुटल वाऱ्यानं." आत्याबाई म्हणजे तिची सासू, माझी आई. ढीग उन्हात पडला होता. मी काय बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. तिनं तोंडाला पदर लावून रडायला सुरुवात केली. भाऊ आला आणि म्हणाला, "येवढं गवतापायी घरच्या लक्षुमीला बोलतीस व्हय?" मी ढिगातले हिरवे गड्डे वेचून परत लावले. बरेच जगले, ते झाड चिवट आहे. पण त्या दिवसापासून घरातल्या लोकांना मी गवतासाठी भांडणारी बाई झाले.

आई गेली त्या वर्षी माघात बाग पहिल्यांदा पूर्ण फुलली. तुम्हाला सांगते, तसं सुख मला नवऱ्याच्या घरी नाही मिळालं, आईच्या घरी नाही मिळालं. पिवळ्याचा पट्टा, मग गुलाबी, मग विटकरी. विटकरी रंग रोज जरा जरा उतरत जातो आणि शेवटी चंदनासारखा होतो. मागं धरणाचं पाणी. सकाळी दार उघडलं की मी चहा घेऊन पायरीवर बसायचे आणि नुसती बघायचे. जून झालेले गुच्छ कापून खोलीत आढ्याला उलटे टांगायचे, ते वाळतात पण रंग सोडत नाहीत. रविवारी पुण्याच्या गाड्या रस्त्यावर थांबायला लागल्या. बायका उतरून फोटो काढायच्या. "किती सुंदर! कोणाची बाग आहे?" आणि मी म्हणायचे, "माजी." हा शब्द तोंडातून निघताना काय वाटायचं ते मला सांगता येत नाही.

त्या पावसाळ्यानंतर भावानं हक्कसोडीचं काढलं. आमच्याकडं बाप गेला, आई गेली की बहिणी जमिनीवरचा आपला हक्क भावाच्या नावानं सोडून देतात. रजिस्टर ऑफिसात जाऊन सही करायची, भाऊ साडी घेतो, दिवाळीला ओवाळायला दार उघडं राहतं. जी सही करत नाही ती हावरी. तिच्या नावानं गाव बोटं मोडतो आणि तिला माहेर तुटतं. मला तर माहेराशिवाय दुसरा आसराच नव्हता.

मी अडाणी नव्हते. कागद मी शब्दन् शब्द वाचला. "स्वखुशीने, कोणाच्याही दबावाशिवाय" असं त्यात होतं. वेल्ह्याच्या ऑफिसाबाहेर लाकडी बाकावर माझ्यासारख्या पाच-सहा जणी बसलेल्या. सगळ्या नव्या साड्यांत, सगळ्यांचे भाऊ आत झेरॉक्स काढत फिरत होते. एक म्हातारी तर डब्यात भावासाठी पुरणपोळ्या घेऊन आली होती. मी भावाला बाजूला घेतलं आणि हळूच विचारलं, "आन माज्या माळाचं?"

तो हसला. "माळ तुजाच हाय की. त्यो कुटं कोण नेतंय?"

"मग कागदावर तेवढं लिवून दे."

हे मी बोलले. मला नीट आठवतंय, मी बोलले. त्याचा चेहरा एकदम उतरला. चारचौघांत मी त्याच्या थोबाडीत मारावी तसा तो माझ्याकडं बघायला लागला. "आक्का, म्या काय परका हाय? सख्ख्या भावाकडनं लिवून घेतीस?" बाकावरच्या बायका माना वळवून बघायला लागल्या. पुरणपोळीवाली म्हातारी तर चक्क च् च् करायला लागली. आणि मी शरमले. त्यानं शरमायचं सोडून मी शरमले! म्हटलं, "तसं न्हाई रं बाळा, आपलं इचारलं." आतल्या साहेबानं विचारलं, "खुशीनं देताय ना ताई?" मी म्हटलं, "व्हय." अंगठा दिला, सही दिली, कॅमेऱ्याकडं बघा म्हणाले तर बघितलं. त्या फोटोत मी हसतेय. दुपारी त्यानं हॉटेलात मटणाचं ताट खाऊ घातलं आणि मोरपंखी साडी दिली. साडी चांगली होती, खोटं कशाला बोलू.

पुढच्या माघात बाग आदल्या वर्षापेक्षा दुप्पट फुलली. एका शनिवारी सकाळीच भाऊ आला आणि म्हणाला, "आक्का, उद्या पुन्याचं पाव्हनं येनारेत तुजी बाग बगाया. जरा नीट करून ठेव." त्या दिवसापर्यंत त्यानं बागेला बाग म्हटलं नव्हतं, गवतच म्हणायचा. मी हरखले. चला, म्हटलं, उशिरा का होईना कळलं याला. तो दिवसभर मी वाळलेली डोकी खुडली, दगडांच्या कडा झाडल्या, वाटेवर नवा मुरूम टाकला, खोलीला बाहेरून चुना दिला. आणि हो, रविवारी ती मोरपंखी साडी नेसले.

नवरा-बायको आले. साठीच्या आतबाहेरचे, पैसेवाले पण बोलायला गोड. भाऊ रस्त्यावरच मोबाईल कानाला लावून उभा राहिला, आत आलाच नाही. मग मीच त्यांना फिरवलं. एरवी माणसाशी दोन शब्द जड जाणारी मी, त्या दिवशी तोंडाला खळ नव्हता. बी कसं पेरायचं, खत का घालायचं नाही, घमेल्याची गोष्ट, गाजरगवताची गोष्ट. बाई पोट धरून हसल्या. कुठून पाणी सगळ्यांत छान दिसतं ती जागासुद्धा मीच दाखवली, तिथं दगड ठेवला होता बसायला, त्यावर त्यांना बसवलं. चहा केला. निघताना वाळलेल्या गुच्छांचा एक जुडगा बांधून दिला.

बाईंनी विचारलं, "मावशी, हे सगळं असंच राहतं का वर्षानुवर्षं? कोणी बघायला नसलं तर?"

"म्या हाय की बगायला," मी म्हणाले. "म्या हाय तवर काय व्हत न्हाई बागंला."

त्या नवऱ्याकडं बघून हसल्या. मला वाटलं, माझं कौतुक वाटलं त्यांना.

चैत्रात मोजणीवाले आले. त्यांनी माझ्या वाफ्यांतून फीत ओढली तेव्हा मला वाटलं रस्ता रुंद होतोय. मग सिमेंटच्या खांबांचा टेम्पो आला आणि ते तुकड्याच्या चारी कडांना उतरवायला लागले. मी धावत गेले, "अरं, कुणी सांगितलं हितं टाकायला?" ड्रायव्हर म्हणाला, "नवीन मालकांनी, पुण्याच्या." तळपायाची आग मस्तकात गेली माझी. तशीच अनवाणी भावाच्या घरी गेले. तो जेवत होता.

"माळ इकलास?"

त्यानं घास खाली ठेवला नाही. "इकला."

"त्यो माजा व्हता. ऑफिसाच्या दारात बोलला व्हतास तू."

"आक्का, सातबाऱ्यावर बग तुजं नाव कुटं हाय का. तूच तर सही केलीस." मग जरा मऊ आवाजात म्हणाला, "तुला काय वाऱ्यावर सोडतोय व्हय म्या? वैरणीची खोली रिकामी करून देतो. पोरांची शिक्षनं हायत, घराचं छप्पर गळतंय. खाचराला कोन गिऱ्हाईक न्हाई गं, पुन्याच्या समद्यांना वरनं पानी दिसाय पायजे."

भावजय भाकरी थापत होती, तिनं मान वर केली नाही.

मला रडू येत नव्हतं, नुसता संताप येत होता, आणि त्या संतापातही माझं डोकं बागेकडं धावलं. म्हटलं, "मग माजी रोपं म्या घिऊन जाईन."

तेव्हा कुठं तो दचकून उठला. "एकबी रोप हलवायचं न्हाई. बाग हाय तशी द्यायची ठरलीया. अगं, बाग बगूनच तर त्येंनी ह्यो माळ घेतला. त्याच्या आदी त्येंचं मन पल्याडच्या गावातल्या जागंवर बसलं व्हतं. तू फिरवलंस, बोललीस, तितंच त्येंचं ठरलं. त्येंनी सोता सांगितलं मला." आणि माझ्याकडं असं बघितलं की जसं काही मी त्याचं मोठं काम करून दिलं होतं आणि आता उगीच आढेवेढे घेत होते.

मी माळावर परत आले आणि त्या बसायच्या दगडावर बसले. केसानं गळा कापला म्हणतात, पण इथं सुरी मीच धार लावून दिली होती. चुना दिला होता, वाट झाडली होती, चहा पाजला होता. त्यानं मला सांगितलं असतं, आक्का, मी माळ विकतोय, तर मी भांडले असते, रडले असते, पण त्या रविवारी दार लावून बसले असते. ते लोक दोन मिनिटं थांबून मुरूम बघून निघून गेले असते.

दोन एसट्या बदलून मी भोरला एका वकिलाकडं गेले. भला माणूस होता. हक्कसोडीची नक्कल वाचून त्यानं चष्मा काढला. "सही तुमची, अंगठा तुमचा, फोटो तुमचा. भावानं माळाचं काही लिहून दिलं होतं का?" मी नाही म्हटलं. "मागितलं होतं का?" मागितलं होतं आणि मग माघार घेतली होती, हे कुठल्या तोंडानं सांगू? तो म्हणाला, दावा लावता येईल, वर्षं जातील, हाती काही लागेल याची खात्री नाही. मी नक्कल घडी करून पिशवीत घातली.

परत आल्यावर एका दुपारी कुणी नाही बघून मी विटकरीचा एक गड्डा काढला. मुळांचा मुरूम झटकला, ओल्या फडक्यात गुंडाळला आणि उभी राहिले. मग लक्षात आलं की हा लावायचा कुठं? वैरणीच्या खोलीपुढं गोठ्याचा चिखल. बाकी बघावं तिकडं भावाचं, नाहीतर त्या पुणेकरांचं. माझ्याकडं हातभर जमीन नव्हती. मी तो गड्डा परत त्याच खड्ड्यात बसवला आणि वरून पाय देऊन दाबला.

ताबा द्यायच्या दिवशी सकाळी माझं सामान वैरणीच्या खोलीत गेलं होतं. दोन ट्रंका, शेगडी, आढ्याचे वाळलेले गुच्छ. मी जायचंच नाही असं ठरवलं होतं, पण पाय राहिले नाहीत. म्हटलं, दोन शब्द त्या बाईंना तरी सांगावे. बाग कुणाची होती एवढं तरी त्यांना ठाऊक असू दे. मनात वाक्य तयार केलं होतं, "म्या ह्येंची थोरली भन. ही जागा माजी हुती." जाताना वाटेत चारदा पुटपुटले.

ते दोघं आलेच होते. त्यांचा ड्रायव्हर डिकीतून हळद-कुंकू, अगरबत्ती काढत होता. भाऊ पांढरा शर्ट घालून, हातात नारळ घेऊन उभा. मला बघून त्याचा चेहरा पांढराफटक पडला. बाई मात्र लगबगीनं पुढं आल्या आणि त्यांनी माझे दोन्ही हात धरले.

"मावशी, आलात! बरं झालं. मला तुमचीच काळजी होती. यांना मी म्हटलं होतं, मावशी नसतील तर मला जागाच नको. पण तुमचे शेठ म्हणाले, चिंता करू नका, आमच्याकडं बारा महिने कामाला असते ती बाई, ती जागेबरोबरच राहील." मग भावाकडं वळून म्हणाल्या, "हो ना हो?"

मी भावाकडं बघितलं. त्याचे डोळे धरणाच्या पाण्याकडं होते आणि हातातला नारळ तो उगीचच फिरवत होता. कामाची बाई. ज्याला कडेवर घेऊन मी शाळेत नेलं, ज्याचा शेंबूड पुसला, ज्याच्या आईचं हगणंमुतणं काढलं, त्यानं परक्या लोकांना सांगितलं की मी त्याची कामाची बाई. एक शब्द बोलले असते तर तिथंच त्याची मान खाली गेली असती. आणि माझी जीभ काय कमी तिखट आहे? गावातले बाप्येसुद्धा माझ्या तोंडी लागत नाहीत. वाक्य तयार होतं, ओठावर होतं.

पण मला दिसलं की हा आता तोंडघशी पडेल. चार परक्या माणसांपुढं माझ्या बापाचा मुलगा खोटारडा ठरेल. माझ्या तोंडून दुसरंच निघालं.

"व्हय बाई," मी म्हणाले. "येत जाईन की म्या. कधीपासनं येऊ?"

"उद्यापासूनच या," बाई म्हणाल्या, आणि खूश होऊन नवऱ्याला म्हणाल्या, "बघ, झालं काम."

भावानं सुस्कारा टाकला. खाली बसून दगडावर नारळ फोडला, पाणी माझ्या विटकरी वाफ्यावर शिंपडलं आणि खोबरं फोडून वाटायला लागला. आधी साहेबांना दिलं, मग बाईंना, मग त्यांच्या ड्रायव्हरला. सगळ्यांत शेवटी तो माझ्यापुढं आला. मी डोक्यावरचा पदर सारखा केला, दोन्ही हात पुढं केले आणि घेतलं.